अंगणातलं मीठ

मीठ जमिनीत पुरायचं म्हटल्यावर माझे सासरे असे भडकले, की वायरमन खड्ड्यातून उडी मारून बाहेर आला.

"मीठ? माज्या जमिनीत? आरं, जल्म गेला माजा खारं पानी भायेर ठेवन्यात!"

खोटं नव्हतं ते. आमची भातशेती खाडीला लागून. उधाणात बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, की पुढची काही वर्षं त्या शेतात दाणा येत नाही. बांध फुटल्याची हाक आली की माणसं पुढ्यातलं ताट सारून धावत. अशा माणसाला आपल्याच अंगणात आपल्याच हातानं मीठ घाल म्हणायचं!

गावात वीज आली ती साठ सालानंतर. आमचे हे मुंबईला नोकरीला. सासूबाईंचा दमा बघून ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं टेबलफॅन घेऊन आले, चांगला जड, लोखंडी. वायरमन अलिबागचा. तो मला म्हणाला, "वहिनी, नियम आहे. लोखंडी वस्तूला तिसरी तार लागतेच. ती अंगणात पुरलेल्या पत्र्याला जोडायची, भोवती कोळसा आणि मीठ, आणि वरून रोज पाणी. फॅनच्या अंगात करंट उतरला तर तो जमिनीत गेला पाहिजे, माणसात नाही." मला पटलं. ह्यांनी वडिलांच्या नाकदुऱ्या काढल्या, तपासणीचे साहेब येऊन बघून गेले, आणि फॅन फिरायला लागला. त्या दुपारी सासूबाईंना शांत झोप लागली, आणि मला आपलं उगाच रडू आलं.

खड्ड्याला पाणी घालायचं काम माझं. मृगाच्या तोंडावर मी माहेरी जाऊन आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर सारवून काढलं आणि हंडा घेऊन अंगणात गेले. बघते तर काय, खड्डा बुजवलेला! वर कोरी माती, आणि तारेचं टोक जोत्याशी लोंबतंय.

"मामंजी, हे कोणी उकरलं?"

"म्या." ते दोर वळत होते, मान वर केली नाही. "खाली रोपाचा वाफा हाय. पावसात मीठ उतरंल त्यात. मग काय खाशील, करंट?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. काहीतरी टाकून बोलणार, तेवढ्यात आतून घरघर ऐकू आली. फॅन! सासूबाई नुकत्या आंघोळ करून आलेल्या. त्यांची सवय मला पाठ होती. खाटेवरून उतरायचं आणि फॅनची मान धरून आपल्याकडे वळवायची. आणि खाली माझं ओलं सारवण.

"आत्याबाई, हात लावू नका!"

घरघरीत कुठलं ऐकू जातंय! हंडा टाकून मी पळाले. दारातून दिसलं, ओले केस पाठीवर, अनवाणी पाय जमिनीवर, हात पुढे झालेला. आत जाऊन धरावं तर मीही ओली. मेन स्विच पडवीत, उंचावर. पिंपावर चढले, गुडघा सोलला, आणि खटकन दांडा खाली ओढला.

फॅन मंदावत थांबला. मला आत बघायचा धीर होईना.

"अगो, लाईट गेली काय?"

देवा रे! मी खाली उतरून आत गेले आणि त्यांना मिठीच मारली. त्यांचा हात फॅनपासून वीतभर लांब होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. सासरे दोर हातात घेऊन दारात आले होते.

सासूबाईंनी आपली बोटं चोळून पाहिली. "तरीच. काल खाटंवर बसून धरला, तवा हाताला मुंग्या आल्या. मला वाटलं, वय झालं. बोलले न्हाय कोनाला."

सासऱ्यांच्या हातातला दोर गळून पडला. मी मुद्दाम ऐकवलं, "ऐकलंत?" आज वाटतं, नसतं बोलले तरी चाललं असतं. ते पायतणं न घालता निघाले, आणि परतले ते डोक्यावर मिठाची पाटी घेऊन, थेट मिठागरावरून. कपाळावरून खारं पाणी डोळ्यांत उतरत होतं, तरी त्यांनी पाटीला कोणाला हात लावू दिला नाही.

वायरमनला बोलावणं धाडलं. त्याच्या देखत त्यांनी स्वतः खड्डा उकरला. पत्रा बसला, तार जोडली, कोळसा पडला. मग ते ओणवे होऊन ओंजळीओंजळीनं मीठ घालू लागले. वायरमन पुरे म्हणाला तरी थांबेनात.

"पन खाली वाफा हाय ना?" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "बास की आता. किती घालाल?"

"वाफा करू दुसरीकडं," ते मान खाली घालून म्हणाले. "घालू दे. आजून वाईच घालू दे."