माळावर काही नाही

पारोळ्यात पक्षी बघणारा माणूस म्हणजे मी, असं बारा वर्षं चाललं होतं. कुणाच्या पत्र्यावर घुबड बसलं, कुणाच्या विहिरीत बगळा पडला, की बोलावणं मला यायचं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडतो आणि लोकांनी 'पक्षीवाले सर' म्हटलेलं मला आवडतं. खोटं कशाला बोलू?

मग तो आला. मोटारसायकलींच्या सीटला कव्हरं शिवतो, बसस्टँडजवळ दुकान आहे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, शाळा आठवीत सुटलेली. एका रविवारी "तुमच्यासोबत येऊ का" म्हणाला आणि मी मोठ्या मनाने घेऊन गेलो. तलावावर मी दुर्बीण लावून बदकं मोजत होतो, तर हा नुसत्या डोळ्यांनी बघून म्हणतो, "सर, ती पलीकडली वेगळी शे. तिनी मान देखा." बघितलं, तर खरंच वेगळी होती. बारा वर्षांत मला न दिसलेलं बदक त्याला पहिल्याच दिवशी दिसलं. मी "शाब्बास" म्हणालो आणि परतीच्या वाटेवर एक शब्द बोललो नाही.

पुढे हे नेहमीचंच झालं. जळगाव-धुळ्याच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर पूर्वी माझ्या फोटोंना अंगठे यायचे. आता सगळे विचारायचे, "ते सीटकव्हरवाले भाऊ होते का सोबत?" रविवारी घरी आलो की बायको चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "आजपण त्यालाच दिसलं वाटतं?" माझा जळफळाट तोंडावर दिसत असणार. तो स्वभावाने वाईट असता तर फार बरं झालं असतं, रागवायला निमित्त तरी मिळालं असतं. पण दुकानात गेलं की तो एकुलती एक खुर्ची मला द्यायचा, स्वतः रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसायचा आणि पुस्तकातलं काहीबाही मलाच विचारायचा. मला ते आणखीच झोंबायचं.

मार्चअखेर मी धुळे रस्त्याकडच्या माळावर एकटाच गेलो. त्याला मुद्दाम सांगितलं नाही. त्या माळाला सगळे पडीक म्हणतात: मुरूम, खुरटं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या. पण धाविक नावाच्या पक्ष्याला असंच उघडं रान लागतं. मातकट रंगाचा हा पक्षी उडण्यापेक्षा पळतो जास्त. चार पावलं धावतो, थबकतो, ताठ उभा राहतो. आमच्याकडचे असे माळ संपत चाललेत, तसा तोही. त्या दिवशी एक धाविक पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन बसत होता. जपून जवळ गेलो. लेंड्यांच्या मधोमध, नुसत्या जमिनीवर, दोन अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळे शिंतोडे. पाऊल वीतभर चुकलं असतं तर फुटली असती.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि त्या आनंदात पहिला विचार काय आला, तर हे त्याला दिसलेलं नाही.

मी कुणाकडे बोललो नाही. पिल्लं बाहेर आली की फोटोसकट ग्रुपवर टाकायचं, मग बघू लोक कुणाचं नाव घेतात, असं ठरवलं.

आठवड्याभराने त्याने मला दुकानात बोलावलं, चहा मागवला. "सर, त्या माळवर झाडं लावानं ठरी गयं. परवा खड्डा खंदाले मशीन येणार शे. लागवडना साहेब मन्हा गिऱ्हाईक शेतस. तठे पक्षीसनं काही व्हई तर जागा बदली देसू म्हणतस." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तठे काही शे का, सर?"

सांगायचं म्हणजे त्याला तिथे न्यायचं. आणि नेला की माझ्या एका घरट्याशेजारी त्याला तीन दिसणार. साहेबांशी बोलणार तो, नाव होणार त्याचं. चहाचा घोट गिळेपर्यंत एवढं सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"तिथं काही नाही," मी म्हणालो. "मी पाहिलाय तो माळ."

त्याने कपातला उरलेला चहा संपवला. मग "बरं" म्हणून शिवणयंत्राकडे वळला.

मशीन आलं की आपण हजर राहू आणि घरट्यापुरतं थांबवू, अशी मी मनाची समजूत घातली होती; आदल्या संध्याकाळी जाऊन अंडी बघूनही आलो होतो. नेमकं त्या दिवशी शाळेत परीक्षेचं काम निघालं आणि पोचायला दुपार झाली. अर्ध्या माळावर खड्ड्यांच्या रांगाच रांगा आणि मातीचे ढीग. माझी जागा मला सापडेना. शेवटी पक्ष्यांनीच दाखवली. दोघं एका ढिगाभोवती धावत होते, थबकत होते, पुन्हा धावत होते.

मागून तो आला. तोही तेच बघत होता. "सर, अंडा आधीच गया व्हतात ना? कुत्रासनी खादात ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"तुमले इचारं, त्याना आदला दिन देखेल व्हतात. आजूबाजूले तुम्हना बूटना ठसा व्हतात. म्हन्तं, सरसनं घरटं शे, सरच सांगतीन. तुम्ही काही नही म्हणनात, मग माले वाटनं, अंडा गयात."

"नाही," मी म्हणालो. "कालपर्यंत होती."

तो खाली बसला आणि ढिगाची माती हाताने बाजूला करू लागला. काही हाती लागलं नाही. मग उठून तो पलीकडे मशीनजवळ उभ्या असलेल्या साहेबांकडे गेला. मीही मागोमाग गेलो. साहेबांशी तो अगदी शुद्ध मराठीत बोलला. "साहेब, मशीन थांबवा. इथे धाविकाची घरटी आहेत. सरांनी मला सांगितलं होतं, मीच तुम्हाला कळवायला विसरलो."

साहेब त्याच्यावर असे खेकसले की मशीनवाला खाली उतरून बघायला लागला. एवढी गोष्ट विसरतोस कशी, सरांची मेहनत मातीत घातलीस. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मशीन थांबलं आणि उरलेला अर्धा माळ वाचला. मग साहेब माझ्याकडे वळले. "सर, पुढच्या वेळी थेट मला फोन करा. असल्या माणसांच्या भरवशावर राहू नका."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. पण त्या घडीलाही मला त्याचा हेवाच वाटत होता. असं खोटं मला कुणासाठीच बोलता आलं नसतं.

"हो साहेब," मी म्हणालो.