त्या भिंतीवरचे प्लग

आई गेली तेव्हा ऐन वैशाख होता आणि धाकटा भाऊ पुण्याहून यायचा होता. तोवर तिला ठेवायला कळंबहून विजेवर चालणारी थंड पेटी आणली. पेटीचा प्लग लावला आणि चट् आवाज होऊन त्या भिंतीवरचे सगळेच प्लग बंद पडले. फ्यूज तर शाबूत होता. शेजारी म्हणाले, आमच्याकडून वायर ओढा. मी तिरसटपणे नको म्हणालो. माझ्या आईला शेवटचा गारवा लोकाच्या घरून कशाला?

मेन स्विच बंद करून मी दाराजवळचा बोर्ड उघडला. आमच्या जुन्या घरात तिथूनच पुढच्या सगळ्या प्लगांना लाइन गेलेली आहे. आत वायर जळून स्क्रूतून निसटली होती. ती सोलून पुन्हा घट्ट आवळली आणि मेन चालू केला. पेटी घुमू लागली. आणि कोपऱ्यात, रिकाम्या खाटेशी, आईचा टेबलफॅनही फिरायला लागला. सकाळपासून तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मी बटणाकडं हात नेला, तर पेटीशी बसलेले वडील म्हणाले, "राहू दे चालू. तिला लई उकडतं."