गेममधली उडी

गेममधली ती बाई मनोऱ्यावरून झेपावते, हवेत दोन गिरक्या घेते आणि पलीकडच्या छपरावर अलगद उतरते. जगभरातल्या पोरांनी ती उडी बोटाने असंख्य वेळा मारली होती. जिच्या हालचाली टिपून ती गेममध्ये घेतली, तिला कामावर सगळे 'चेंडू' म्हणत. अंगभर चमकते ठिपके लावलेला घट्ट पोशाख घालून तिने ती टेबलावरून मारली होती, जाड गाद्यांवर. बाकीची उंची कॉम्प्युटरने घातली.

आता त्या गेमवर सिनेमा निघाला होता. गेम ज्यावर खेळतात तो कंपनीचा नवा कन्सोलही सिनेमा लागेल त्याच दिवशी बाजारात यायचा होता, खोक्यावर सिनेमाचंच चित्र घेऊन. गेमच्या बातम्यांत एकच चर्चा: ती उडी तशीच असणार का? दिग्दर्शकाने मुलाखतीत छातीठोकपणे सांगून टाकलं, "असणार. आणि ती खरं माणूस मारणार."

खरं माणूस म्हणजे चेंडू. चेहरा नायिकेचा, हाडं हिची.

दोर सांभाळायला तिचा थोरला भाऊ होता. दोघांनी हा धंदा एकत्रच धरला होता. ती पडायची, तो झेलायचा. शूटिंगच्या सकाळी तो मनोऱ्यावर जाऊन आला आणि म्हणाला, "जमायचं नाही. छप्पर लांब आहे, भिंतीवर आपटशील."

"दोर जरा ताणून धर."

"ताणला तर कंबरेत मोडशील. अगं, तो खेळ आहे. त्यात मेलं की परत सुरू करता येतं."

"दादा, मी नाही म्हटलं तर माझ्या जागी ती उभीच आहे."

कोपऱ्यात एक विशीतली मुलगी खुर्चीवर पाय टेकवून अंग मोकळं करत होती. तिचं लक्ष इकडेच होतं.

कंपनीचा माणूस जवळ आला. "ताई, आजचा दिवस गेला तर तारीख हुकेल. मग दुसऱ्या कंपनीचा कन्सोल आधी येईल. समजून घ्या." तो अगदी अजिजीने बोलत होता, म्हणून त्याला झिडकारताही येईना.

"तू नाही धरलास तर दुसरा कुणी धरेल," ती भावाला म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच चर्र झालं. तो हातमोजे चढवून दोरापाशी जाऊन उभा राहिला.

वर वारा होता. पायाखालची फळी थरथरत होती. खालून "ॲक्शन" आलं. ती हलली नाही. पुन्हा आलं. तिने खाली पाहिलं. एवढ्या उंचीवरून भावाचा चेहरा दिसत नव्हता, दोराभोवती आवळलेल्या दोन मुठी तेवढ्या दिसत होत्या. आपण चुकलो तरी जन्मभर तो त्या मुठींनाच दोष देणार, हे तिला लख्ख कळलं.

"दादा, खाली घे मला!"

ती उतरली तेव्हा दिग्दर्शकाने टोपी जमिनीवर आपटली. "दुसरीला तयार करा!" ती मुलगी उठलीही. पण भावाने दोर सोडला नाही.

"हिला सोडलं नाही, तिलाही सोडणार नाही. छप्पर जवळ आणा, मग बोला."

शेवटी दिग्दर्शकाने सुतारांना हाका मारल्या.

दुपारी चेंडूने उडी मारली. मनोरा निम्मा, छप्पर जवळ, गिरकी एकच. तरी टाच छपराच्या कडेवर आदळली आणि कळ थेट मणक्यात गेली; भावाने ऐन वेळी ओढलं म्हणून ती खाली गेली नाही. शॉट ओके झाला. तिला उचलूनच आणावं लागलं.

ट्रेलर आला, त्या संध्याकाळी ती अजूनही पाय उशीवर ठेवून पडली होती आणि भाऊ लोकांचे शेरे फोनवर वाचून दाखवत होता. "गेमसारखी नाही." "आजीबाईची उडी." त्याखालीच ताजी बातमी होती: दुसऱ्या कंपनीने किंमत उतरवली, म्हणून गेमच्या कंपनीने आपला कन्सोल पुढच्या वर्षावर ढकलला होता. सिनेमा एकटाच येणार होता.

"मग एवढी घाई कशाची होती?" ती म्हणाली.

तो उत्तर देणार तोच फोन वाजला. ती विशीतली मुलगी होती. तिला मोठं काम मिळालं होतं. दोराला दादाच हवे होते. त्याने फोनवर हात ठेवून बहिणीकडे पाहिलं. लंगडतच ती पाण्याला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, "हो म्हण. तिचं कोण आहे दुसरं?"