हवेत विणलेला काठ

मी एका शहाण्यासुरत्या विणकराला वेडा ठरवलं आणि खाली झोकदार सही केली.

तेव्हा सोलापुरात सरकारी दवाखान्यात मी नवा धाकटा डॉक्टर होतो. मुंबईहून एक जाडजूड पुस्तक आणि त्यातलं ‘स्किझोफ्रेनिया’ हे नवंकोरं नाव घेऊन आलो होतो, आणि ते कुणाला तरी चिकटवायला हात शिवशिवत होते. जुनं रजिस्टर चाळलं, तर वेडसर म्हणून नोंदलेल्यांत निजामाच्या मोगलाईतून पोटासाठी आलेले तेलुगू विणकर फार. झालं! गाव सोडलं की माणसाचं डोकं फिरतं, आणि तेलुगू माणसाचं जरा लवकरच फिरतं, असा सिद्धान्त मी दोन दिवसांत रचला. त्यावर लेखही लिहायला घेतला. एक ठसठशीत रोगी तेवढा हवा होता.

तो पोलिसाने आणून दिला. स्टेशनाच्या आवारात बसून हवेत बोटं नाचवत पुटपुटत होता म्हणे. मी मराठीत आठ-दहा प्रश्न विचारले. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. वैतागून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोटं नाचवायला लागला. मी लिहिलं : बोलत नाही, नसलेल्या वस्तू हाताळतो, चिडतो. सकाळी मोठ्या डॉक्टरांची सही झाली की दुपारच्या गाडीने त्याची रवानगी पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात होणार होती.

सकाळ सरता सरता त्याची बायको शोधत आली. तिचं माहेर सोलापूरचंच, त्यामुळे मराठी सफाईदार. ती रडेल म्हणून मी सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवली होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याच्या बोटांकडे टक लावून पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी खेकसली. त्याने जीभ चावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मग तीही बोटांवर मोजत त्याच्याबरोबर पुटपुटू लागली.

मी तिच्यासाठी दुसरा कोरा फॉर्म काढला.

फरशी पुसणारी आमची कुंभारी गावची आया मात्र थांबली. “काय चाललंय गं बाई तुमचं?”

“काठ पाठ करतोय की,” बायको म्हणाली. “गावाकडं साधी लुगडी विणायचा. हितला काठ त्याला नवा हाय. मालक म्हनला, उद्या दुपारी विणून दाव, तर माग तुझा. न्हाय तर दुसरा माणूस बसवतो. घरात दहा जणांचा कालवा, म्हणून ठेसनावर जाऊन बसला. ती दुपार आजचीच. आन् एक तार अजून चुकतीया.”

“मग माझ्या प्रश्नांना उत्तर का दिलं नाही?”

“मराठी कुटं येती त्याला? वर तुमी मधी मधी बोलून मोजणी चुकवली.”

मोठे डॉक्टर दारात केव्हा येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी माझा कागद वाचला आणि रजिस्टर मागवलं.

“या नोंदी करणाऱ्यांत तेलुगू कुणाला येत होतं?”

“कुणालाच नाही, साहेब.”

“दुभाषी?”

“तोही नव्हता.”

“परमुलखात माणूस खचतो, काहींना खरंच वेड लागतं,” ते म्हणाले. “पण किती जणांना, ते या वहीवरून कसं कळणार? उद्यापासून वॉर्डातले सगळे पुन्हा तपासा. दुभाषी घेऊन. आणि आत्ता टांगा करून याला कारखान्यात पोचवा. उशीर तुमच्यामुळे झाला, हे मालकाला तुम्हीच सांगा.” त्यांनी कागद फाडला. (तपासात पुढे काही जण खरोखर आजारी निघाले, बाकीचे नुसते घाबरलेले होते, ते घरी गेले. माझा लेख मीच बंबात घातला.)

आम्ही पोचलो तेव्हा मागावर दुसरा माणूस बसायच्या बेतात होता. मी अडखळत खुलासा केला. मालक हसला आणि त्याने आमच्या माणसाला जागा दिली. बायको शेजारी बोटांवर तारा मोजत उभी. चार बोटं काठ विणून झाला. मालकाने तो उलटा करून पाहिला, अंगठ्याने चाचपला आणि मान डोलावली. तेव्हा कुठे ती मोकळी हसली.

मलाही उदार व्हावंसं वाटलं. म्हटलं, “बाई, घरात कुणी आजारी पडलं तर सरळ माझ्याकडे या.”

“नगं डाक्टर,” ती म्हणाली, “साधा खोकला झाला तरी तुमी पुण्याला धाडाल.”