ईराच्या जागी गॅलप

माझ्या वर्गातली यूइ कुणाचाच हात धरेना. दोन्ही हात पुढे करून एकटीच हॉलभर आडवी पळत होती.

"जोडी बदला, पाटणकर-सेन्सेई," आमच्या मुख्य बाई मोरी-सेन्सेई म्हणाल्या. "स्पोर्ट्स डे तोंडावर आलाय."

जपानमध्ये मोठा भूकंप झाला त्याच वर्षीची गोष्ट. फुनाबोरीच्या एका बालवाडीत मी म्युझिक शिकवायचे. बसवत होते गॅलप. सोप्पा नाच. समोरासमोर हात धरायचे. एक पाय बाजूला सरकतो, दुसरा त्याला गाठायला धावतो, पण ओलांडत नाही. नाव घोड्याच्या भरधाव चालीवरून पडलंय. वर्गातल्या एका फ्रेंच आईचा 'गालो', जर्मन बाबांचा 'गालॉप', इटालियन आजीचा 'गालोप्पो'. घोड्याची चाल आणि नाच, दोन्हींना एकच शब्द!

"तुमच्यात काय म्हणतात?" आजीने विचारलं.

"आमचा घोडा चौखूर उधळतो," म्हटलं, "नाचाचं वेगळं बघावं लागेल."

यूइची जोडीदार म्हणजे माझीच लेक, ईरा. धक्के थांबेनात, तेव्हा तिला पुण्याला आजीकडे ठेवून आलो. जरा निवळलं की आणू, म्हणता म्हणता उन्हाळा सरला.

"घाई कशाला? मजेत आहे ती," नवरा, अमोल, म्हणायचा.

मजेत होती, तेच तर खुपायचं. दारातली तिची छोटी छत्री रोज उचलून पुन्हा तिथेच ठेवायचे.

यूइला समजवायला गेले, तर म्हणाली, "ही ईरा-चानची जागा आहे. ती येणारे."

एवढीशी पोर! मी सोडलेली जागा ती धरून बसली होती.

शेवटी मीच तिचे हात धरले. "ईरा येईपर्यंत बदली खेळाडू," म्हटल्यावर यूइबाई राजी झाल्या. स्पोर्ट्स डेला चिमुरड्यांच्या रांगेत गुडघ्यात वाकून, धापा टाकत गॅलप केला. पालक हसून हसून बेजार.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ते शूटिंग ईराला दाखवलं. वाटलं, खदखदून हसेल. ती हसलीच नाही.

"आई, माझ्या जागी तू का?" तिची मराठी एव्हाना अस्सल पुणेरी झाली होती. "मला आता घेणारच नाही का तुम्ही?"

मला रडूच फुटलं. अमोल लॅपटॉप ओढून तिकिटं बघायला लागला.

ईरा आली तेव्हा स्पोर्ट्स डे कधीच उरकला होता. यूइने गेटपाशीच तिचे दोन्ही हात धरले आणि दोघी आडव्या पळत सुटल्या.

अजूनही गॅलप शिकवते. पायांचं नंतर. आधी सांगते, हात सोडायचा असेल तर परत कधी धरणार ते सांगून सोडा.