घंटा झालेला ब्रेक ड्रम

लिलावातून घेतलेल्या माझ्या जुन्या जीपच्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम तडकला. टेंभुर्णीच्या मिस्त्रीनं तो काढून माझ्या हातात दिला. "मालक, जालन्याहून हुबेहूब असाच आणा. दुसरा बसणार न्हाई."

जालन्यात सकाळपासून दुकानं पालथी घातली. नव्या गाड्यांचे ड्रम ढीगभर, माझ्या मापाचा एकच, तोही जुन्या मालाच्या दुकानात. मी हरखून खिशात हात घातला, तर दुकानदारानं ड्रम दोरीला लटकवून पान्यानं ठोकला. थड्! "घेऊ नका साहेब, आतून चीर गेलीय. चांगला ड्रम घंटीसारखा वाजतो." माणूस खरं बोलत होता, तरी मला त्याचाच राग आला.

तणतणत एसटीनं परतलो. गावात पाय ठेवला आणि शाळेची घंटा वाजली. ठण्ण!

मी जागीच थबकलो. लिलावात जीपसोबत एक जादा ड्रम आल्ता. तो मीच, मोठ्या उदारपणे, शाळेला घंटा म्हणून दिला होता आणि साफ विसरलो होतो!

तडकलेला ड्रम काखेत मारून शाळेकडे पळालो. दोन्ही एकमेकांना लावून पाहिले. माप बराबर! बदल्यात घंटेसाठी रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणून देतो म्हटलं, तर हेडमास्तर लगेच कबूल झाले. तरी मला जालन्याचा 'थड्' आठवला. "सर, एकदा ठोकून बघू का? चीर नसेल ना?"

हेडमास्तर हसायला लागले. "अहो, दहा वर्षं झाली, आम्ही रोज तेच करून राह्यलो!"