जर्मन गाडीची किल्ली

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत एक पुणेकर राहतात. त्यांनी सेकंडहँड जर्मन गाडी घेतली आणि त्या दिवसापासून माझी छोटी गाडी त्यांच्या लेखी डबा झाली. जर्मन गाडी बंद पडली, असं ते कधी म्हणायचे नाहीत. "सेन्सिटिव्ह आहे यार, आपले रस्ते तिला मानवत नाहीत," म्हणायचे. एका सेन्सरला माझ्या चार टायरांइतका खर्च आला, तर मुलगा पहिला आल्यासारखं सगळ्या लिफ्टला सांगत सुटले.

गाडी बहुतेक गॅरेजमध्ये असायची आणि हे माझ्याबरोबर मेट्रोत. स्टेशनवरच्या सुरक्षा तपासणीत हात पसरताना हे किल्ली अशी धरायचे, की जवानाला तिच्यावरचा छाप दिसलाच पाहिजे. एकदा त्यानं विचारलंही, "साहब, ऐसी गाड़ी है, फिर भी मेट्रो?"

"सर्विसिंग में है," हे म्हणाले आणि दिवसभर खुशीत होते.

गेल्या महिन्यात गिअरबॉक्स गेला. त्याचा खर्च मात्र त्यांनी कुणालाच सांगितला नाही. गाडी भंगारवाल्याला देताना मी सोबत होतो. त्यानं दुसरी किल्ली मागितली, तर म्हणाले, "वो तो खो गई."

आज सकाळी तपासणीच्या रांगेत मी त्यांच्या मागेच उभा होतो. त्यांनी हात पसरले, तर हातात तीच हरवलेली किल्ली. जवान हसला, "अभी भी सर्विसिंग में?"

त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"हां," मीच म्हणालो, "जर्मनी से पार्ट आना है."